उरलेली चार बोटं

“मग शून्य कधी होणार, ते सांगा ना बाबा!”

शांतवन मास्तरनं वही बाजेवर आपटली. योनाबाबा त्याच बाजेवर बसून पायथ्याची सैल दोरी ओढत होते. गुडघा मोडल्यापासून त्यांना उठवायला दोन माणसं लागायची. बसल्या जागचं काम तेवढं उरलं होतं. वहीकडे त्यांनी बघितलंही नाही.

“कशाचं शून्य?”

“माझ्या रागाचं.”

हा माणूस हायस्कुलात गणित शिकवायचा. हुशार होता, आणि ते त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. सहा वर्षांपूर्वी जेवताना भाजीत मीठ जास्त झालं म्हणून यानं पितळेचा पेला भिरकावला. तो लागला पोरीच्या कपाळाला. रिबका तेव्हा बारा वर्षांची. खूण अजून आहे.

तेव्हापासून मास्तर देवळात येतो, गाणी म्हणतो, पण येशूच्या आठवणीत हातावर देतात ती प्रभुभोजनाची भाकर निघाली की उठून बाहेर चपला शोधतो. राग संपल्याशिवाय त्या भाकरीला हात लावणार नाही म्हणाला. दुसरा कोणी रडून मोकळा झाला असता. यानं वही केली.

आता येत्या रविवारी रिबका पहिल्यांदा प्रभुभोजन घेणार होती. काल ती एवढंच म्हणाली, “पप्पा, माझ्या शेजारी गुडघे टेकाल?”

म्हणून तो देवळाच्या म्हाताऱ्या पाळकाच्या, योनाबाबांच्या अंगणात आला होता. मदत मागायला नव्हे. जमणार नाही, हे सिद्ध करून दाखवायला.

“पहिल्या वर्षी चौसष्ट वेळा रागावलो. मग बत्तीस. मग सोळा, आठ, चार. यंदा दोन.”

“बरोब्बर निम्मे?”

“जवळपास. थोडं इकडंतिकडं होतं, ते मी सरळ केलं.”

“बरं केलंस. मग पुढल्या वर्षी एक, आणि सुटलास की.”

“नाही ना! त्याच्या पुढल्या वर्षी अर्धा.”

म्हाताऱ्यानं दोरी सोडली.

“अर्धा राग कसा करतोस रे? एका डोळ्यानं?”

“गिळलेला राग, बाबा. तोंडातून न निघालेला. तो मी अर्धा धरतो. नुसता मनात येऊन गेला, तर पाव. निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं... कितीही करा, काहीतरी उरतंच. शून्य येतच नाही. हे गणित आहे. यात प्रार्थना चालत नाही.”

बाबांनी अंगणाच्या फाटकाकडं बोट केलं. मग म्हणाले, “फाटकापाशी जा.”

“हाकलताय मला?”

“जा तर खरं.”

मास्तर गेला. बाजेपासून फाटक सोळा पावलं.

“आता माझ्याकडं ये. पण निम्मंच.”

आठ पावलं चालून तो थांबला.

“परत निम्मं.”

चार. मग दोन. मग एक. शेजारच्या भिंतीवरून कोणी बघत असेल, या विचारानं मास्तरचे कान तापले. आज पाव राग लिहावा लागणार, हेही त्याच्या मनात येऊन गेलं.

“परत निम्मं.”

अर्धं पाऊल. मग एक वीत उरली. त्यानं चप्पल जरा पुढं सरकवली.

“आता किती राहिलं?”

“चार बोटं.”

“निम्मं कर.”

मास्तरचं पाऊल उचललंच नाही. समोर म्हाताऱ्याचे भेगाळलेले पाय होते, इतके जवळ की त्यावर लावलेल्या मलमाचा वास येत होता.

“असंच होतं, बाबा,” तो म्हणाला. आवाज मास्तरचा राहिला नव्हता. “दर रविवारी इथवरच येतो. भाकर दिसते. पोरीचं कपाळ दिसतं. पोचत नाही...”

“गणित बरोबर आहे तुझं.”

“आहेच. म्हणून तर...”

बाज करकरली.

म्हाताऱ्यानं दोन्ही हात बाजेच्या लाकडी माचव्यावर रोवले होते. ओठ दाताखाली होता. मोडका गुडघा थरथरत होता, तरी ते उठत होते.

“बाबा! बसा! पडाल!”

ते पडलेच. पुढं. थेट मास्तरच्या छातीवर.

मास्तरनं त्यांना दोन्ही हातांनी कवटाळलं. वजन कसलं, धुऊन वाळवलेल्या गोधडीएवढं. वही केव्हा खाली पडली, त्याला कळलंही नाही.



“बाबा,” मास्तर त्यांच्या खांद्यावर तोंड ठेवूनच म्हणाला, “मी पोचलो नव्हतो अजून.”

“नव्हतासच.”

“ती चार बोटं...”

“हळू धर. गुडघा दुखतोय.”

मास्तरनं त्यांना अलगद बाजेवर टेकवलं. समोर खाली बसला. डोळे पुसले. उपरण्याला पुसले की बाहीला, तेही त्याला सांगता आलं नसतं.

“मग रविवारी मी...?”

बाबांनी सैल दोरी पुन्हा हातात घेतली.

“पोरीच्या शेजारी गुडघे टेक आणि हात पुढं कर. निम्माच केलास तरी चालेल.”