सांगलीची हळद आणि खराब लाईन

सांगलीत दादासाहेब आरवाड्यांची हळदीची पेढी होती. त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. वेबसाइट मात्र त्यांचं ऐकेना. इंटरनेटवर शोधलं की ती सगळ्यांच्या मागे दिसायची. शेवटी त्यांनी वाक्यावाक्यात 'सांगलीची हळद' घालून मजकूर लिहिला आणि वेबसाइट सांभाळणाऱ्या रेवतीपुढे टाकला.

"दादासाहेब, एकच शब्द इतका कोंबला तर साइट आणखी मागे जाईल," ती म्हणाली.

"नाव जितकं जास्त, तितकं वर! पटत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

तेवढ्यात फोन वाजला. नाशिकच्या एक बाई विचारत होत्या, तुमची हळद लोणच्याला चालेल का? रेवतीने फोन स्पीकरवर लावला आणि तोच कागद दादासाहेबांच्या हाती दिला. "एवढं गिऱ्हाइकाला वाचून दाखवा. मग लगेच साइटवर चढवते."

दादासाहेब ऐटीत वाचू लागले, "सांगलीची हळद हवी असेल तर सांगलीची हळद घ्या, कारण सांगलीची हळद म्हणजे सांगलीची हळद..."

"हॅलो? लाईन खराब आहे वाटतं," बाई म्हणाल्या. "तेच तेच ऐकू येतंय. ठेवते मी."

"अहो, थांबा!" दादासाहेबांनी कागद बाजूला सारला. "लोणच्याला चालेल की! रंग टिकतो, वास उग्र नाही. फक्त बरणीत ओला चमचा घालू नका."

बाईंनी हळद मागवली.

रेवती शांतपणे म्हणाली, "जिथून गिऱ्हाईक उठून जातं, तिथे सर्च इंजिन दुसऱ्याला पाठवत नाही, दादासाहेब."

दादासाहेबांनी तो कागद उलटा करून तिच्यापुढे सरकवला. मग हळूच म्हणाले, "मी त्यांना आत्ता काय सांगितलं, ते लिहून घेतलंस का?"