काडीसुद्धा देणार नाही!

“हिला मी काडीसुद्धा देणार नाही!” लिंबाजी विणकर भर दरबारात ओरडला.

दुसरं लग्न ठरलं होतं, म्हणून त्याला बायकोशी, भिवराशी, काडीमोड हवा होता, आणि बायकोचं सगळं मात्र घरातच ठेवायचं होतं! भिवराच्या बापाने लग्नात दिलेला माग, दोन म्हशी, सोन्याच्या पाटल्या, सगळं! भिवरालाही या माणसाजवळ नांदायची हौस उरली नव्हती. पण मागच गेला तर खायचं काय, वारा?

“महाराज, माझं मला मिळावं, एवढंच मागणं आहे,” ती हात जोडून म्हणाली.

जांभूळगडचे राजे जगदेवराव म्हणजे एक नंबरचे हट्टी. एकदा चुकून ‘उद्यापासून रोज कारल्याची भाजी’ म्हणून गेले, तर महिनाभर तोंड वाकडं करत कारलंच खाल्लं, पण शब्द फिरवला नाही! लिंबाजीचा आवेश त्यांना भलताच आवडला.

“वा रे गड्या! हाच आमचा हुकूम! लिंबाजीने हिला काडीसुद्धा द्यायची नाही. दिली तर चाबकाचे फटके! चला, करा काडीमोड!”

भिवराने विचारलं, “हुकूम फिरणार नाही का, महाराज?”

“सूर्य पश्चिमेला उगवला तरी नाही! त्याच हुकुमात राहून तुझं तुला मिळवता येत असेल, तर मिळव!” राजे मिशीवर ताव देत म्हणाले.

जांभूळगडची रीत अशी, की नवऱ्याने गवताची काडी मोडायची, अर्धी आपल्याकडे ठेवायची नि अर्धी बायकोच्या हातात द्यायची. मग दोघं मोकळी. कारभाऱ्याने काडी आणली. लिंबाजीने ती कटकन मोडली आणि अर्धी पुढे केली.

भिवराने झटकन दोन्ही हात पाठीमागे घेतले. “धावा हो, धावा! महाराज, हे तुमचा हुकूम मोडतायत!”

“आँ? मी काय केलं?” लिंबाजी दचकला.

“मला काडी देताय!”

दरबारात खसखस पिकली. लिंबाजीने चटका बसल्यासारखा हात मागे ओढला. “देत नाही, देत नाही!”

“मग काडीमोडही झाला नाही!” भिवराने पदर खोचला. “चला धनी, घरी! झुणका टाकते. आणि तुमची नवी नवरी आली की उंबऱ्यावर तिला ओवाळायला मीच उभी राहते, थोरली म्हणून!”

लिंबाजीच्या तोंडचं पाणी पळालं. दारात मांडव घातलेला, आणि होणाऱ्या सासऱ्याने तर बजावून ठेवलं होतं, सवतीवर पोरगी देणार नाही!

“माग ने, म्हशी ने, पाटल्या ने! पण बाई, एवढी काडी धर!”

“छे गं बाई! फटके तुम्ही खाणार नि पाप मला लागणार!”

आता राजेही डोकं खाजवू लागले. “पोरी, आमचा हुकूम तर मोडायला नको, आणि तुमची सुटकाही व्हायला हवी. करायचं काय?”

“त्यात काय अवघड, महाराज? द्यायचं नाही असा हुकूम यांना आहे, तुम्हाला थोडाच आहे? तुम्ही माझा माग, म्हशी नि पाटल्या यांच्याकडून काढून घ्या, आणि तुमच्या हाताने मला द्या. वर ही अर्धी काडीही तुम्हीच द्या. राजाच्या हातची काडी कोण नाही म्हणेल? यांनी काही दिलं नाही, तुमचा शब्द राहिला, नि आम्ही सुटलो!”

राजांनी मान डोलावली. शिपाई म्हशी आणायला पळाले, आणि राजांनी सिंहासनावरून उतरून लिंबाजीकडून अर्धी काडी घेतली नि भिवराच्या हातावर ठेवली.

“पण महाराज,” लिंबाजी रडकुंडीला आला, “मग माझ्या वाट्याला काय?”

“अहो, असं काय करता?” भिवरा म्हणाली. “निम्मी वाटणी झाली की! अर्धी काडी तुमच्याच हातात आहे!”

राजे असे हसले, असे हसले, की मुकुट सावरता सावरेना! हसता हसताच त्यांनी अंगावरचा शेला काढून भिवराच्या खांद्यावर घातला. “आजपासून दरबारची सगळी वस्त्रं तुझ्या मागावर, पोरी! आणि दाम तू सांगशील तो!”