सतराव्या गाठीचं उत्तर

खूप खूप मागे, जेव्हा डोंगर माणसांशी बोलायचे आणि माणसंही त्यांचं ऐकायला घडीभर थांबायची, तेव्हाची ही गोष्ट.

एक धुक्याचं राज्य होतं. धुकं इतकं, की गाय दिसायच्या आधी तिच्या गळ्यातली घंटा ऐकू यायची, आणि घर दिसायच्या आधी चुलीवरच्या भाकरीचा वास यायचा. राज्यात बारा खोरी होती आणि प्रत्येक खोऱ्याला एक अधिकारी होता. अधिकारी कुणाच्या वशिल्यानं होत नसे. त्यासाठी राणीची परीक्षा द्यावी लागे.

सावरीची बोंडं फुटून कापूस वाऱ्यावर तरंगायला लागला, की मधल्या टेकडीवर परीक्षा भरायची. पहिल्या दिवशी पानावर लिहायचं, दुसऱ्या दिवशी समोर बसून बोलायचं. समोर राणी बसलेली असे, पण प्रश्न राणी विचारत नसे. दरसाल एका खोऱ्यातून एक माणूस बोलावला जाई. तो आपलं गाऱ्हाणं सांगे. तोच प्रश्न.

जो निवडला जाई त्याला पुढच्या दारानं ढोल वाजवत नेत. जो निवडला जात नसे तो मागच्या झापेतून, बांबूच्या आडदारातून, मान खाली घालून निघून जाई. अशा चार खेपा देता येत. पाचवी नाही.

टेकडीच्या पायथ्याशी मोठं विद्यापीठ होतं. तिथली मुलंमुली परीक्षेसाठी वर्षानुवर्षं झिजत. आणि विद्यापीठाच्या मागं एक आळी होती. तिला लोक थांबलेल्यांची आळी म्हणत. चारही खेपा संपलेली माणसं तिथं राहत. घरी कुठल्या तोंडानं जायचं, म्हणून थांबलेली.

त्या आळीत तात्या राहायचे. तीस वर्षांपूर्वी त्यांच्याही चार खेपा संपल्या होत्या. पण तात्यांसारखा शिकवणारा बाराही खोऱ्यांत नव्हता. त्यांच्या हाताखालून गेलेली साठ-सत्तर पोरं अधिकारी झाली होती. तात्यांकडे एक लांब दोरी होती. आजवरच्या सालांत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाची तिला एक गाठ. पहिली गाठ रस्त्याची, पाचवी चोरांची, सतरावी पाण्याची. तात्यांनी गाठीला बोट लावायचा अवकाश, की पोरांनी उत्तर म्हणायचं. जो आधी म्हणेल तो शहाणा.

पोरांत केरबा म्हणून एक होता. त्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं. तात्यांचं बोट गाठीपर्यंत पोचायच्या आत त्याचं उत्तर निम्मं झालेलं असे.

"केरबा, लेका, मला गाठीला हात तरी लावू देत जा," तात्या म्हणायचे.

"तात्या, तुमचा हात म्हातारा झालाय. माझी जीभ तरणी आहे!"

सगळे हसायचे. हसायची नाही ती एक येसू.

येसू टोपल्या विणणाऱ्या बुरडाची लेक. तीन खेपा झाल्या होत्या. तिन्ही वेळा लिहिण्यात पहिली, आणि तिन्ही वेळा समोर बसल्यावर मागच्या झापेतून बाहेर. आता एकच खेप उरली होती. तीही गेली तर तिची जागा त्या आळीत. ती जेवताना गाठी म्हणे, पाणी भरताना गाठी म्हणे, झोपेतसुद्धा तिचे ओठ हलत.

एका सकाळी तात्या तिला म्हणाले, "येसू, तुला सगळं येतं. मग तुझं अडतं ते..."

"मी घाबरते, म्हणून अडतं, तात्या! आवाज कापतो. यंदा मी रोज मोठ्यानं..."

"...कुठे, असं विचारणार होतो मी. विचारू दिलंस का?"

येसूनं जीभ चावली.

"चूक तुझी नाही, पोरी," तात्या म्हणाले. "ही दोरी मीच वळली. चल."

विद्यापीठामागून एक पायवाट चढत जायची. तिच्या टोकाला बोलका कडा होता. तुम्ही हाक मारली, की हाक धुक्यात शिरायची, दरीभर हिंडायची आणि दमल्यासारखी सावकाश परत यायची. इतकं तर कुठलाही कडा करतो. पण हा कडा आपला आवाज परत आल्यावर गप्प बसत नसे. कुणी तसंच बसून राहिलं, तर त्याचं जे बोलायचं राहून गेलं तेही तो सांगे. फार थोड्यांना हे ठाऊक होतं, कारण आपली हाक परत आली की माणसं उठून जातात.

"मार हाक," तात्या म्हणाले.

येसू ओरडली, "या खेपेला मी निवडली जाईन!"

सावरीचा पहिला कापूस दरीवर तरंगत होता. बऱ्याच वेळानं हाक परत आली. "या खेपेला मी निवडली जाईन..." येसू उठायला लागली. तात्यांनी तिचा खांदा दाबला.

धुकं हललं. एक पाखरू इकडून तिकडे गेलं. आणि कडा अगदी हळू, येसूच्याच आवाजात म्हणाला, "...आणि नाही निवडली गेले, तर आई मला दारात घेईल का?"

येसूनं पदर तोंडाशी धरला. तात्यांनी तिचं रडू ओसरू दिलं.

"गाऱ्हाणं सांगणारा माणूसही असाच असतो," मग ते म्हणाले. "आधी बोलतो ते वरचं. मग थांबतो. आपण त्या थांबण्यालाच शेवट समजतो आणि उत्तर देऊन मोकळे होतो. तू रोज इथं ये. काही पाठ करू नको. नुसती बस."

येसूनं डोळे पुसले. "तात्या, आता तुम्ही मारा ना हाक."

तात्या घुटमळले. मग ओरडले, "मी बरा आहे!"

"मी बरा आहे..." कडा सावकाश म्हणाला. तोवर तात्या धोतर झटकून उभे राहिलेसुद्धा.

"थांबा की, पुढचं यायचंय!"

"माझं पुढचं काही नाही. चल, पोरं खोळंबली असतील."

येसू रोज कड्यावर जाऊ लागली. केरबा चिडवायचा, "काय येसूताई, दगडाकडून शिकवणी? दगड परीक्षेला बसला तर पहिला येईल म्हणा, मधे बोलत नाही!" येसू आता हसायची. तिचे ओठ झोपेत हलायचे थांबले होते.

परीक्षा आली. लिहिणं झालं. दुसऱ्या दिवशी सगळी टेकडी कापसानं पांढरी झाली होती, ढगावर बसल्यासारखी. पहिला केरबा आत गेला आणि पाणी उकळायच्या आत बाहेर आला. धोतराचा सोगा सांभाळत तो नाचायलाच लागला.

"सतरावी! अरे, सतरावी गाठ आली! पाण्याची! घडाघडा म्हणून दाखवली!"

मग काय, जो तो आत जाताना सतरावी गाठ म्हणत जाऊ लागला. विहिरी खोल कराव्यात, ओढ्यांना बांध घालावेत, डोंगरावर झाडं लावावीत. जो तो हसत बाहेर येऊ लागला.

येसूची पाळी सगळ्यांत शेवटी. प्रश्न ठाऊक, उत्तर ठाऊक. आत जाताना तिच्या जिभेवर सतरावी गाठ उड्या मारत होती.

आत एका बाजूला राणी बसली होती. समोर घोंगडीवर एक म्हातारा. चेहरा उन्हानं रापलेला, छातीत दम्याची घरघर.

"बाळ," तो म्हणाला, "आमच्या खोऱ्यात सात विहिरी आहेत... आणि घरोघरचे हंडे मात्र कोरडे आहेत..."

त्याला धाप लागली. तो थांबला.

येसूच्या ओठांवर उत्तर आलं. तिला आईचं दार दिसलं, ढोल दिसला, मागची झाप दिसली. तिनं ओठ घट्ट मिटले. खिडकीतून कापसाचा एक पुंजका आत आला, तरंगत तरंगत दोघांच्या मधे खाली टेकला.

"आजोबा," ती म्हणाली, "तुमचं बोलून झालं का? मी बसलेय."

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. सकाळपासून हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"नाही गं, बाळ. ही पोरं विहिरी खोल करा म्हणतात. आमच्या विहिरी काठोकाठ भरल्यात. पाणी ओढायला हात नाहीत. खोऱ्यात आम्ही म्हातारेच उरलोय."

"आणि पोरं कुठं गेली?"

"इथंच आली की, तुमच्या या टेकडीवर! जी निवडली गेली ती दुसऱ्या खोऱ्यांत गेली. जी राहिली ती लाजेनं परतली नाहीत. माझा धाकटा भाऊ तीस वर्षांपूर्वी आला. दरसाल कुणा वाटसरूबरोबर निरोप पाठवतो, मी बरा आहे म्हणून. एवढंच. आम्ही दारं उघडीच ठेवलीत गं. त्याला कोण सांगणार?"

येसूला कड्यावरची ती हाक आठवली. 

"मुली, उत्तर?" राणीनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"राणीसाहेब, याचं उत्तर दोरीवर नाही," येसू म्हणाली. "पण मला वाटतं, पाणी अडलंय ते तुमच्या मागच्या झापेपाशी. निवडलेल्याला तुम्ही वाजवत नेता, आणि उरलेल्याला चोरासारखं घालवता. मग तो घरी कसा जाईल? ती झाप काढून टाका. दोघांनाही एकाच दारानं, एकाच ढोलावर घरी पाठवा. मला निवडा, नका निवडू. उद्या सकाळी मी या आजोबांबरोबर एका माणसाला घरी पाठवणार आहे."

 राणी खाली वाकली आणि कापसाचा तो पुंजका उचलून तिनं येसूच्या ओंजळीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसू तात्यांना हात धरून कड्यावर घेऊन गेली. "मारा हाक. आणि आज उठायचं नाही."

"काय पोरकटपणा हा! अगं, तुझा निकाल..."

"तात्या, मारा."

तात्या ओरडले, "मी बरा आहे!"

"मी बरा आहे..." हाक परत आली. तात्या उठायला लागले. येसूनं त्यांचा खांदा दाबला, त्यांनी तिचा दाबला होता तसाच.

धुकं थांबलं. पाखरं थांबली. आणि कडा तीस वर्षांचं अडलेलं बोलला, तात्यांच्याच आवाजात, पण कुठल्याशा लहान मुलासारखा. "...मला घरी जायचंय."

"मग चल की!" मागून धुक्यातून दमलेला आवाज आला. "सात विहिरी भरून वाहतायत. हंडे काय मी एकट्यानं ओढू?"

तात्यांनी वळून पाहिलं. आधी घोंगडी दिसली, मग भावाचं तोंड दिसलं.

त्या साली येसू निवडली गेली आणि त्या आजोबांचंच खोरं तिला मिळालं. मागच्या झापेच्या जागी राणीनं भिंत घातली. पुढच्याच दारानं, त्याच ढोलावर न निवडलेला केरबाही आपल्या गावी गेला. "तीन खेपा अजून शिल्लक आहेत, पण आधी आईच्या हातची भाकरी!" असं सगळ्यांना ओरडून सांगत. थांबलेल्यांची आळी हळूहळू रिकामी झाली. तात्या आजही आपल्या गावच्या विहिरीवर बसून पोरांना शिकवतात म्हणे. दोरी तीच, पण आता ती पोहऱ्याला बांधलेली असते.

म्हणून, मुलांनो आणि मुलांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: जो समोरच्याचं आणि आपल्या मनाचंही म्हणणं शेवटपर्यंत ऐकतो, त्यालाच खरं उत्तर सापडतं.