थोरल्या भावाची हाक

"शब्द त्याच्याच भाषेतला आहे, बुवा. मग त्यात अपमान कसला?"

श्रीरंगच्या प्रश्नावर चैतन्यबुवांनी मान वर केली नाही. मठाच्या अर्धवट पायऱ्यांपाशी ते बसले होते. पायऱ्या घडवणारा उत्तरेकडचा पाथरवट रामसुचित आज कामावर आला नव्हता.

काल पंगत बसली होती. मठातला शिष्य म्हणून श्रीरंग वाढत होता. रामसुचितला पाहून तो सगळ्यांदेखत म्हणाला, "ए भय्या, ऊठ. इथं आपली माणसं बसणार आहेत."

रामसुचितनं मान खांद्यांत ओढून घेतली, हातातला घास पानात ठेवला आणि तो मुकाट्यानं निघून गेला.

"त्यांच्याकडे भैया म्हणजे थोरला भाऊ," श्रीरंग म्हणाला. "मी व्याकरण शिकलोय. शिवी नाही दिली मी."

"तुला कधी कुणी असं काही म्हटलंय?"

"म्हटलंय ना! खाली किनाऱ्यावर शिकायला होतो, तेव्हा सगळे घाटी म्हणायचे. आमच्या गावात 'आम्ही घाटावरचे' म्हणून मिशीला पीळ देतात. तिथं मात्र तोंड वाकडं करून म्हणायचे. मी हसण्यावारी न्यायचो."

"हसण्यावारी..."

"हो."

"मग शिक्षण पुरं करून आलास?"

श्रीरंग दगडाची एक कपची बोटानं ढकलत राहिला.

"नाही," अखेर तो म्हणाला. "मधेच परतलो."



श्रीरंग उठला. "माफी मागून येतो."

"ये."

रामसुचित खाणीजवळच्या झोपडीत राहायचा. दारात गाठोडं बांधून ठेवलं होतं. श्रीरंगला पाहताच तो धडपडत उभा राहिला. श्रीरंगनं वाकून त्याचे पाय धरले.

"चुकलो मी, रामसुचितजी."

"अरे, नको नको, महाराज..." त्यानं श्रीरंगला उठवलं. "राग नाही माझ्या मनात. या मुलखात आलो ना, तेव्हा जो तो मला भय्या म्हणायचा. मला वाटलं, केवढं मोठं गाव, आणि सगळे माझे भाऊ! घरी गेल्यावर आईला सांगितलंसुद्धा. खूप उशिरा कळलं..."

त्यानं गाठोड्याची गाठ आवळली.

"माफ केलं तुम्हाला. मनापासून. पण आता गावी जातो."

इतक्यात विहिरीकडून एक तरुण खांद्यावर कळशी घेऊन आला. हा रामदरस, त्याचा धाकटा भाऊ. नुकताच गावाहून सोबतीला आलेला.

"भैया!" त्यानं मायेनं हाक मारली.

रामसुचित दचकला. मान खांद्यांत ओढली गेली, नजर जमिनीला लागली. अगदी पंगतीत झाली होती तशी. मग हाक कुणाची हे ध्यानात आलं, तसं त्यानं हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. कळशी घेऊन भाऊ तसाच उभा राहिला. आपलं काय चुकलं, ते त्याला कळेना.

श्रीरंग मठात परतला, तेव्हा बुवा अजून तिथंच होते.

"त्यानं माफ केलं, बुवा."

"मग डोळे का भरलेत?"

श्रीरंगनं पाहिलेलं सारं सांगितलं.

बुवांनी त्या अपुऱ्या पायऱ्यांकडे पाहिलं.

"तुला माफी मिळाली, श्रीरंग," ते म्हणाले. "पण त्या धाकट्यानं आता भावाला काय म्हणून हाक मारायची?"