खारवंड्याचं दारातलं मीठ

तळकोकणाच्या अगदी दक्षिण टोकाला, जिथून पुढे गोव्याची हद्द लागते, तिथे खाडीच्या कुशीत खारवंडे नावाचं गाव आहे. गावासमोर मिठागरांचे चौकोनी वाफे पसरलेले आहेत, मागे माडांची रांग आहे. या गावात पाहुणा शिरला की त्याला एक गोष्ट खटकते. मिठाची बरणी घरोघर चुलीपाशी असते. खारवंड्यात ती बाहेरच्या दारात, उंबऱ्याच्या उजव्या हाताला कोनाड्यात असते. चपला काढायला वाकलं की आधी मीठच दिसतं. पाहुणे विचारतात, आणि गावातले सर्वांत वयस्कर नाना आरोलकर त्यांना पडवीत बसवून सांगू लागतात. नानांना ही कथा त्यांच्या आजीकडून मिळाली, आजीला तिच्या सासूकडून.

फार पूर्वी म्हणे या गावात पुरसो नावाचा मिठागरवाला राहत होता. त्याच्या बायकोचं नाव आवडू. ती लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू नव्हती. होता तो एक लहानगा दीर, रवळू. दुधाचे दात पडायच्या वयाचा. आवडूने त्याला न्हाऊमाखू घातलं, तापात उशाशी बसली, आणि तो मोठा झाला. पुढे तिला स्वतःची मुलं झाली तरी गावात तिला कुणी नावाने हाक मारीत नसे. रवळूची वयनी, हीच तिची ओळख होती.

रवळू मोठा झाल्यावर भावाबरोबर मिठागरावर जाऊ लागला. संध्याकाळी काम आटोपलं की सगळे घरची वाट धरत. रवळू मात्र मागे थांबे. भरतीचं पाणी चढलं की बांधाच्या तोंडाशी लाकडी फळ्या बसवाव्या लागत, नाहीतर खाडी वाफ्यांत घुसून अख्ख्या गावाचं मीठ विरघळवून टाकी. भरती काही माणसांच्या जेवणाची वेळ पाहून येत नाही. त्यामुळे रवळू घरी पोचे तेव्हा घरातल्या सगळ्यांची जेवणं होऊन गेलेली असत. उकड्या तांदळाच्या भाताचं मडकं रिकामं झालेलं असे आणि तळाशी लागलेला, करपट, कडक थर तेवढा उरलेला असे. त्याला इकडे खरवड म्हणतात. कुळथाची पिठीही तळाशी उरलेली, थंड, साय धरलेली.

पुरसो एकदा गमतीने म्हणाला होता, "रवळूक खरवडच आवडता." ते वाक्य घरात रुळलं. मुलं तेच म्हणू लागली. आवडूही तेच म्हणू लागली आणि मडकं खरवडून त्याच्या पानात वाढू लागली. रवळू काही बोलत नसे. तो खात असे, आणि न बोलता खाणाऱ्या माणसाला ते आवडतंच असं घराने धरून चाललं.

एका संध्याकाळी आवडू न्हाणीघरात धाकट्या मुलाला आंघोळ घालत होती. त्या दिवशी पिठीला खोबरेलाची फोडणी छान बसली होती, सोबत सुक्या बांगड्याचं, कांदा-खोबरं घातलेलं किसमूर होतं. पुरसोने दुसऱ्यांदा भात घेतला, मग तिसऱ्यांदा. मुलांनी मडक्याचा तळ खरवडला आणि कुरकुरीत तुकड्यांसाठी आपसात भांडून तेही फस्त केले. रवळू आला, हातपाय धुऊन पाटावर बसला. पळी घातली तशी मडकं वाजलं. आत काहीच नव्हतं.

तो रागावला नाही असं सांगतात. फक्त उठला आणि म्हणाला, "खरवड तरी ठेवची होती, वयनी."

आवडू ओल्या हातांनी बाहेर आली तेव्हा पाट रिकामा होता. तिने घाईघाईने तांदूळ चुलीवर चढवले, तो खाडीवर बसला असेल, येईल, असं म्हणत. भात शिजला, निवला. रवळू आला नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की मिठाच्या गोण्या लादून बैलांचा जो तांडा रामघाट चढून गेला, त्याच्याबरोबर तोही गेला.

तेव्हा आवडूला एक गोष्ट आठवली, आणि ती तिला पुढे कधी सोडून गेली नाही. रवळू लहान असताना पानातला करपट भात निवडून कडेला ठेवायचा. एकदा तिने बळेच भरवला तर रडला होता. खरवड त्याला कधीच आवडत नव्हती. घरात इतकी तोंडं होती, पण त्याला कुणी एकदाही विचारलं नव्हतं. तिनेसुद्धा.

त्या संध्याकाळी तिने चुलीपाशी ठेवलेली मिठाची बरणी उचलली आणि बाहेरच्या दारात नेऊन ठेवली. पुरसो बघतच राहिला.

"ह्या काय?"

"ह्या चुलीर आता सगळा अळणी शिजतला," आवडू म्हणाली. "रवळू येतलो, तो ह्याच दारातसून येतलो. येताना मीठ घेवन येतलो आणि आपल्या हातान घालतलो. मगे आमी जेवतलंव मिठाचा."

"खुळावलंस की काय गो? आमी मीठ पिकवतंव आणि आमीच अळणी खावचा? लोक हसतले."

"हसतले तर हसांदेत."

लोक हसलेच. मिठागराच्या गावात, जिथे वाऱ्यालासुद्धा मिठाची चव असते, तिथे एका घरात अळणी जेवतात, याहून मोठी गंमत ती कोणती? शेजारची शेवंता कुंपणावरून विचारी, "आवडू, दर्यातलो मासो, तोय तुझ्या घरात येवन अळणी होता काय गो?" मुलं शेजारी जाऊन जेवायची. पुरसोही पहिले काही दिवस चिडून भावकीत जेवला. त्याच्या हातांना दिवसभराचं मीठ लागलेलं असे. घरी जेवायला बसला की तो हात न धुताच भात कालवायचा आणि पहिला घास तरी खारट लागे. आवडूने ते ओळखलं आणि त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

पण ती रागाने स्वयंपाक करत नव्हती, हे लक्षात घ्यायला हवं. मीठ नाही म्हटल्यावर बाकीच्या जिनसांना तिने दुप्पट राबवलं. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात भाजलेलं खोबरं पाट्यावर अगदी गंधासारखं वाटलं. माशाच्या कढीत तिरफळं ठेचून घातली. पिठीत आमसुलं वाढवली, फणसाच्या भाजीला ओलं खोबरं सढळ हाताने पसरलं. तिने दुसराही एक नियम केला: घरातला शेवटचा माणूस येईपर्यंत कुणाचंही पान मांडायचं नाही. मुलं सुरुवातीला कुरकुरली. मग सगळी पडवीत एकत्र बसून वाट पाहू लागली आणि त्या वाट पाहण्यात गप्पा सुरू झाल्या.

इकडे रवळू गेल्यापासून बांधावरच्या फळ्या बसवायला माणूस नव्हता. ते काम पुरसोवर आलं. आता तो सगळ्यांच्या मागून, अंधारून आल्यावर घरी येऊ लागला. पहिल्याच दिवशी तो दमून, भिजून दारात पोचला आणि थबकला. सगळी पानं कोरी होती. मुलं भुकेली होती आणि त्याच्याकडे बघत होती. भात वाफाळत होता, नुकताच उतरवलेला. पुरसोला वाटलं, आपल्यासाठी हे लोक थांबले. आणि पुढच्याच क्षणी त्याला कळलं की आपल्या भावासाठी इतक्या वर्षांत एकदाही कुणी असं थांबलं नव्हतं.

त्याचा हात आपोआप कोनाड्यातल्या बरणीकडे गेला. शेवटी आलेला तोच होता ना.

"घालू नको," आतून आवडू म्हणाली. "तू शेवटचो न्हय. शेवटचो अजून येवचो आसा."

पुरसोने हात मागे घेतला. त्यानंतर त्याने अळणी जेवणाबद्दल चकार शब्द काढला नाही. इतकंच नव्हे, कुणी हसलं तर तोच उलट विचारी, "तुमच्या घरात सगळी इली काय?" पुढच्या वर्षी शेवंताचा मुलगा गलबतावर कामाला गेला. तेव्हा एके दिवशी आवडूने पाहिलं, शेवंता स्वतःची मिठाची बरणी दाराकडे नेत होती. दोघींची नजर मिळाली. शेवंता म्हणाली, "बघतस काय? तुझ्या मिठाक काय तूच एकटी धनीण?" आणि दोघीही हसल्या.

आता या कथेतलं नवल असं सांगतात की देवाने काही केलं नाही. आवडूने कौल लावला नव्हता की नवस बोलला नव्हता. जे केलं ते थट्टेने केलं. खारवंड्याचं मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढत असे आणि मिठाबरोबर तांड्यातले लोक ही गंमतही नेत. मीठ जिथवर जाई तिथवर अळणी घराची थट्टा जाई.

घाटावरच्या कुठल्याशा मुक्कामात तांड्यातले लोक पिठलं-भाकरी खात बसले होते. त्यांच्यातच रवळू होता. नवीन आलेला एक बैलवाला सांगू लागला, "खाली कोकणात येक घर हाय. अंगणात मिठाची रास, आन् चुलीवर अळणी आमटी."

सगळे हसले. रवळू तर सगळ्यांत मोठ्याने हसला. हसत हसतच त्याने विचारलं, "ता कित्याक?"

"त्या बाईचा दीर खरवडीवरनं रुसून गेला म्हनं. त्यो येऊन सोताच्या हातानं घालंस्तवर ती मीठच घालत न्हाई."

रवळूच्या हातातला घास हातातच राहिला. त्याने विचारलं, "आणि पोरां? ती काय खातत?"

"ती बी तेच. त्यास्नी तर बाहेर कुनी मीठ दिलं तरी खाईनात, म्हनत्यात."

रवळूने ती भाकरी तशीच ठेवली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि घाट उतरायला लागला.

खारवंड्यात तो पोचला तेव्हा भरती चढून गेली होती. पुरसो फळ्या बसवून येत होता. अंगणात उभी असलेली आकृती त्याने ओळखली आणि तो तिथेच थांबला. आतून आवडूने विचारलं, "कोण इला?"

पुरसो म्हणाला, "शेवटचो."

आत पळीचा आवाज थांबला. आवडू दाराशी आली नाही. तिला भीती वाटली की आपण रडलो तर तो परत बिचकेल. ती चुलीपाशीच उभी राहिली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "पाय धुवन ये रे. पिठी निवता."

रवळूने दारातल्या बरणीत हात घातला. मूठ भरून मीठ घेतलं आणि चुलीशी आला. चिमूटभर टाकायला गेला, पण नजर आवडूवर होती आणि सगळी मूठ पिठीत पडली. आवडूने ढवळलं, वाढलं. पहिलं पान तिने रवळूचं वाढलं, मडक्याच्या वरचा, पांढरा, मऊ भात घालून. मग सगळे जेवायला लागले. पिठी तोंडात धरवत नव्हती इतकी खारट होती, पण कुणी मान वर केली नाही.

फक्त धाकटं पोर, जे रवळू गेला तेव्हा न्हाणीघरात आंघोळ करत होतं आणि ज्याला घरातल्या मिठाची चव आठवतच नव्हती, त्याने तोंड कसनुसं केलं. "आये," ते म्हणालं, "पिठी बिघाडली गो."

तेव्हा घर हसलं. रवळू हसला, पुरसो हसला, आणि आवडू हसता हसता रडली.

आजही खारवंड्यात रांधणारीण मीठ घालत नाही. शेवटी घरी येणारा दारातून चिमूट घेऊन येतो आणि तोवर पान मांडलं जात नाही. खरवड सगळ्यांच्या पानात थोडी थोडी पडते. ज्याला नको असेल त्याला आधी विचारतात. मुलंमुली आता पणजीला, मुंबईला, जहाजांवर नोकरीला आहेत. संध्याकाळी भात उतरला की आई त्यांना फोन लावते आणि इतकंच विचारते, "घालू मीठ?" पलीकडून "घाल" आलं की घर जेवायला बसतं. फोन लागला नाही तर थोडं थांबतात, पुन्हा लावतात.

आणि दिवाळीला किंवा जत्रेला सगळेच घरी आले, शेवटच्याने आनंदाच्या भरात मीठ जरा जास्तच टाकलं, तर त्या घरचा कुणीतरी पहिला घास घेऊन मुद्दाम मोठ्याने, शेजारच्या घरालाही ऐकू जाईल असं म्हणतो, "पिठी बिघाडली." शेजारच्यांना तेवढ्यावरून कळतं की तिथली सगळी माणसं घरी आली.