मिसेस हॅलटची दोन मिनिटं

“आणि खून नेमका कधी होतो म्हणालास?” बाईंनी विचारलं.

“अकराच्या ठोक्याला,” मिहिर म्हणाला. “सगळा देश गप्प उभा असतो तेव्हा.”

“कशासाठी उभा?”

“बाई, तिसऱ्या पानावर आहे की!”

“वाचलंय मी. तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

मी शेजारी घेवडा मोडत बसले होते. बाई म्हणजे इंदुमती रणवरे, माझी सख्खी मावशी. पण सगळं फलटण त्यांना बाई म्हणतं, म्हणून मीही बाईच म्हणते. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत रहस्यकथा लिहिल्या. एके काळी एसटी स्टँडवर त्यांचं नवं पुस्तक आलं की दुपारपर्यंत संपायचं.

हा मिहिर काटदरे पुण्याचा. स्वतःला बाईंचा शिष्य म्हणवतो. बाई त्याला पाहुणा म्हणतात.

इंग्लंड त्यानं पाहिलेलं नाही. पण पहिलं महायुद्ध संपून दुसरं लागायच्या आधीच्या इंग्लंडात कोण कुठली टोपी घालायचं, चहा किती वाजता यायचा, गावातल्या पोलिसाची सायकल कसली होती, हे त्याला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेल. आणि न विचारताही सांगेल.

त्या काळातली एक खुनाची कादंबरी त्यानं लिहिली होती. प्रकाशक म्हणाला होता, रणवरे बाईंनी हो म्हटलं की लगेच छापायला घेतो. तेवढ्या भरवशावर या शहाण्यानं विमा कंपनीतली नोकरी सोडली होती. त्यामुळे बाईंचा ‘हो’ आज त्याला हवाच होता.

“सांग,” बाई म्हणाल्या.

मिहिर सरसावून बसला. “साल एकोणीसशे सव्वीस. इंग्लंडमधलं लहानसं गाव. युद्ध संपलं त्या तारखेला, त्याच वेळेला, दरवर्षी दोन मिनिटं सगळे स्तब्ध राहतात. गाड्या थांबतात. पुरुष टोप्या काढतात. मेलेल्या पोरांसाठी.”

“हं.”

“गावाच्या चौकात दगडी क्रॉस आहे, त्याच्यावर गावातल्या मेलेल्या पोरांची नावं. सगळं गाव तिथं जमलंय. फक्त कर्नल घरात. त्याचे पाय सुजलेत, जिना उतरता येत नाही.”

“आणि त्याला मारते ती…”

“मिसेस हॅलट! त्याचं घर सांभाळणारी. तिचा एकुलता एक मुलगा कर्नलच्याच पलटणीत होता. कर्नलनं शिट्टी वाजवली आणि पोरं खंदकातून वर चढली. समोर मशीनगन. हिचा मुलगा त्यात गेला. आणि ही बाई आठ वर्षं त्याच माणसाला जेवायला वाढतेय.”

“मुलाचं नाव काय?”

“कुणाच्या?”

“मिसेस हॅलटच्या. क्रॉसवर असेल ना कोरलेलं.”

मिहिर जरा अडखळला. “नाव… दिलेलं नाही. कथेला लागत नाही ते.”

बाईंनी पान उलटलं.

“आता खरी गंमत,” मिहिर म्हणाला. त्याला आता कोण आवरणार! “सगळ्यांच्या माना खाली. मिसेस हॅलट मागच्या रांगेत, आणि तिच्या पाठीशीच कर्नलचं फाटक. ती आत जाते, जिना चढते, मारते, परत येऊन मान खाली घालून उभी राहते. गाव शपथेवर सांगतं, ती इथंच होती. गावभर साक्षीदार, आणि बघितलं एकानंही नाही!”

“दोन मिनिटांत होतं?”

“होतं! मी स्वतः आमच्या सोसायटीचा जिना स्टॉपवॉच लावून चढलोय. वॉचमन म्हणाला, काय साहेब, या वयात पोलीस भरती का?”

खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. घेवडा तसाच हातात राहिला. युक्ती झकासच होती.

बाईंनी हस्तलिखित मिटलं.

“नाही,” त्या म्हणाल्या.

“काय नाही?”

“तिनं नाही मारलं.”

मिहिर हसला. “बाई, मी लिहिलंय!”

“लिहिलंयस तू. तिनं केलेलं नाही.”

…

मग मिहिर तापला. जिना लांब वाटतो का? नाही, बाई म्हणाल्या. कुणी बघेल असं वाटतं? नाही, कुणी बघणार नाही.

“मग हेतू कच्चा आहे का?”

“छे! पक्का आहे. मी असते तर मीही मारलं असतं मेल्याला. रविवारी मारलं असतं, सूपमध्ये काहीतरी कालवून मारलं असतं. अख्खं वर्ष पडलंय तिच्यापुढं. पण ती दोन मिनिटं… नाही.”

“का पण?”

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. घाई म्हणून नाहीच या बाईला कधी. मला तर कधी कधी चीडच येते.

“आई कशी आहे तुझी?” त्यांनी विचारलं.

“बरी आहे.” मिहिरचा आवाज जरा चढला. “बाई, आपण माझ्या कादंबरीबद्दल बोलतोय.”

“अजून बसते का ती मागच्या दारात?”

सरसावून बसलेला मिहिर मागे टेकला.

हे मला ठाऊक होतं. त्यानंच मागे कधीतरी सांगितलं होतं. मिहिरचा थोरला भाऊ सुजय कॉलेजात असताना कालव्यात बुडाला. मिहिर तेव्हा लहान. सुजय रोज दिवेलागणीला सायकल घेऊन मागच्या दारानं घरात यायचा. तेव्हापासून त्यांची आई त्या वेळेला मागच्या दारात जाऊन बसते. थोडा वेळ बसते, मग उठून कामाला लागते.

“बसते,” मिहिर म्हणाला.

“त्या वेळी तिला कुणी हाक मारली तर?”

“ओ देत नाही.”

“गॅसवर दूध असलं तर?”

“उतू जातं.”

“घरात चोर शिरला तर?”

मिहिरला हसू आलं. “आरामात घेऊन जाईल बिचारा.”

“आणि तू?”

“मी काय?”

“तू कधी हाक मारली होतीस का?”

…

बाहेरच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर धडधडत गेला.

“एकदा,” मिहिर म्हणाला. “चौथीत होतो. माळ्यावरून पडलो. हनुवटी फुटली. शर्ट सगळा रक्तानं भरला. मी ओरडलो, आई! आई! ती मला दिसत होती, बाई. पाठमोरी. तिला ऐकू जात नसेल असं नाही, एवढंसं तर घर आमचं…”

“उठली?”

“नाही. मी रांगत तिच्याजवळ गेलो. तिचा पदर ओढला. तरी नाही. मग तिची तीच उठली, मला बघितलं, आणि असा हंबरडा फोडला की शेजारचे धावत आले. रात्रभर मला पोटाशी धरून होती. सारखी म्हणत होती, मी कुठं होते रे, मी कुठं होते.”

त्याचा हात हनुवटीवर गेला होता. मला भरून आलं. एवढा मोठा दाढीवाला बाप्या, पण त्या घटकेला चौथीतलाच दिसत होता.

मिहिरनं हस्तलिखित उचललं. मधलं एक पान काढलं. वाचलं. पुन्हा वाचलं.

“ती फाटकाकडे वळणारच नाही,” तो म्हणाला.

“कोण?”

“मिसेस हॅलट. पोटच्या पोरानं पदर ओढला तरी माझी आई उठली नव्हती… आणि ही कर्नलसाठी हलेल? वर्षभरात पोराला द्यायला तिला हक्काचा तेवढाच वेळ मिळतो. गावानं दिलेला. तो ती त्या मेल्यावर कशाला घालवील?”

“हं,” बाई म्हणाल्या.

“संपलं मग. सगळी कादंबरी त्या दोन मिनिटांवर उभी आहे.” त्यानं पानं खाली ठेवली. “बाई, नोकरी सोडलीय मी. दिवाळीला पुस्तक येतंय म्हणून सगळ्यांना सांगून बसलोय. राहू द्या ना एवढी युक्ती. वाचणाऱ्याला कुठं कळणार आहे?”

“वाचणाऱ्यांत आईला धरलंस का?”

डोळे भरले त्याचे. गर्विष्ठ आहे पोरगा, येता-जाता आम्हाला इंग्लंड शिकवतो, पण तेव्हा मला त्याची फार दया आली. मला वाटत होतं, बाईंनी ‘हो’ म्हणून टाकावं. काय बिघडतंय? एक खोटं इंग्लंड, एक खोटा कर्नल, कुणाचं काय जातंय?

मी आत जाऊन चहा टाकला. कप आणून ठेवले तरी दोघं तशीच बसलेली. मिहिरनं चहा घेतला, आणि अर्धा कप झाल्यावर त्याच्यातला हट्टी माणूस पुन्हा जागा झाला.

“पण कर्नल तर मेलाय,” तो म्हणाला. “त्याच वेळी मेलाय. ते मी बदलणार नाही.”

“नको बदलू.”

“मग मारलं कुणी?”

“मला काय विचारतोस? चौकात माणसं तू उभी केलीस.”

मिहिर विचारात पडला. कप हातात, नजर जमिनीवर. हा मुलगा विचार करताना मला नेहमी आवडतो, कारण तेवढा वेळ तो बोलत नाही.

“सगळं गाव उभं आहे,” तो सावकाश म्हणाला. “कुणाचा मुलगा गेलाय, कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ. आपलं माणूस ज्याला आठवतंय तो जागचा हलणार नाही. म्हणजे… ज्याला त्या वेळी कुणीच आठवत नव्हतं, तो. ज्याचं डोकं तेवढ्यातही आपल्याच कामात होतं.”

“बरोबर,” बाई म्हणाल्या. मिहिरला त्यांनी ‘बरोबर’ म्हटलेलं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं.

तो खुलला. आणि लगेच त्याचा चेहरा पडला.

“पण असा माणूस मी कधी बघितलेलाच नाही, बाई. एवढं गाव मान खाली घालून उभं आहे आणि त्यातल्या एकाला कुणीच आठवत नाही… तो दिसतो कसा? उभा कसा राहतो? त्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं? बघितल्याशिवाय लिहू कसा?”

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

“उभा राहा,” त्या म्हणाल्या.

“आता?”

“आता. मान खाली. मी सांगेपर्यंत बोलायचं नाही.”

मिहिर उभा राहिला. मग मीही राहिले. एकटीनं बसून राहणं बरं दिसेना.

…

मला माझी धाकटी बहीण आठवली, लहानपणीच गेलेली. का कोण जाणे, तिच्या दोन वेण्याच आठवल्या. लाल रिबिनी लावलेल्या. शाळेला जाताना मीच घालून द्यायची, आणि ती कुरकुर करायची की घट्ट झाल्या म्हणून. कितीतरी दिवसांत तिची अशी आठवण आली नव्हती. नाकातून पाणी यायला लागलं, पण पदर लावायला हात उचलवेना.

बाईंचे ओठ हलत होते. कुणाचं नाव होतं ते मी विचारलं नाही.

…

“बस,” बाई म्हणाल्या.

आम्ही बसलो. मिहिरचा चेहरा मात्र नुसता उजळला होता.

“कोण आठवलं?” बाईंनी त्याला विचारलं.

“बाई, जमतंय!” तो म्हणाला. “त्याला मागच्या रांगेत ठेवायचाच नाही. चौकाच्या दुसऱ्या टोकाला उभा करायचा, बेकरीच्या भिंतीला लागून. तिथून मागच्या बोळानं कर्नलच्या बागेत… सगळ्यांच्या माना खाली आहेत तोवर तो सहज…”

तो बोलता बोलता थांबला.

आधी त्यानं माझ्याकडे बघितलं. माझे डोळे ओले होते. मग बाईंकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. तोंड उघडून तो काहीतरी म्हणणार होता, बहुतेक भावाचं नाव घेणार होता, पण ते काही त्याच्या तोंडातून बाहेर येईना.

“बाई…” एवढंच तो म्हणाला.

बाईंनी हस्तलिखित उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं.

“बघितलास ना?” त्या म्हणाल्या. “लिही आता.”