भरमू कोचचं ट्रेनिंग

आमच्या तळेमाळात भरमू नावाचा एक भोळा गडी होता. तसा एखादा प्रत्येक गावात असतो, पण आमच्या वाट्याला आला तो जरा भरगच्च आला. पंचायतीच्या टाकीचं पाणी सोडणं हे त्याचं काम. सांगितलेलं काम तो कधी चुकवायचा नाही. अडचण एवढीच, की सांगितलेलं तसंच्या तसं करायचा. शाळेत असताना गोलकीपर होता. मास्तर म्हणाले, "भरमू, काय वाट्टेल ते झालं तरी हातातला बॉल सोडायचा नाही." संध्याकाळी सगळे बॉल शोधत त्याच्या घरी गेले, तर हा पठ्ठ्या दोन्ही हातांनी बॉल कवटाळून जेवायला बसलेला. आई घास भरवत होती.

गावाबाहेर वीटभट्टी आहे. दिवाळी झाली की तिथं बाहेरगावची कुटुंबं कामाला येतात आणि त्यांची वीस-बावीस पोरं दिवसभर मातीत लोळतात. शाळा अर्धवट, तोंडात शिव्या, मोठी दोघं-तिघं गुटख्याला लागलेली. एका संस्थेनं ठरवलं, की अशा पोरांना फुटबॉल शिकवायचा आणि खेळता खेळता जरा जगायलाही शिकवायचं. राग आवरायला, ऐकून घ्यायला, दुसऱ्याला पास द्यायला. त्यासाठी गावागावातून कोच तयार करायचे. दर रविवारी तालुक्याला ट्रेनिंग. पगार नाही, चहा-वडा मिळेल. पगार नाही म्हटल्यावर आमची हुशार माणसं एकदम कामात गेली. भरमू ट्रेनिंगला गेला.

पोरांचा त्याच्यावर भारी जीव. शाळेमागच्या गायरानातले दगड वेचून त्यानं आणि पोरांनी मैदान केलं. पण त्याच गायरानावर गावाचाही डोळा होता. उसाचे ट्रॅक्टर लावायला जागा पाहिजे होती. सरपंच हिंदुराव अण्णा म्हणाले, "सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत हात वर करून ठरवू. तोवर खेळू दे." म्हणजे मैदान राहणार का जाणार, ते त्या दिवशी ठरायचं. भट्टीवरच्या लोकांना तर आमच्यात हात वर करता येत नाही, त्यांची नावं दुसऱ्याच गावांच्या यादीत. सगळी भिस्त गावाच्या मर्जीवर. आणि गावाची मर्जी राखायची जबाबदारी कुणावर, तर भरमूवर. घ्या.

पहिल्या रविवारी निलोफर मॅडमनी शिकवलं. मॅडम जिल्ह्याकडून खेळलेल्या, मोठ्या सबुरीच्या बाई. म्हणाल्या, "पोरगं चुकलं तर ओरडायचं नाही. आधी टाळ्या वाजवायच्या. म्हणायचं, शाब्बास, प्रयत्न चांगला होता, आता परत कर."

"ध्यानात आलं," भरमू म्हणाला.

सोमवारी सकाळी अण्णा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत पंचायतीच्या पायऱ्या उतरत होते. टाकी भरून वाहत होती आणि पायऱ्या ओल्या होत्या. अण्णांचा पाय सरकला आणि ते तीन पायऱ्या बसल्या बसल्या उतरले. शिपाई धावला. भरमूनं व्हॉल्व्हची चावी खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या.

"शाब्बास, अण्णा. प्रयत्न चांगला होता. आता परत करा."

अण्णांनी परत केलं नाही. ते काय म्हणाले ते मी पोरांसमोर सांगत नाही.

रविवारी भरमूनं मॅडमना सगळं सांगितलं. तो काही लपवायचा नाही, तेवढी अक्कलच नव्हती. मॅडम म्हणाल्या, "अहो भरमूदादा, टाळ्या खेळातल्या चुकीला. माणूस जमिनीवर पडलेला दिसला, तर शिट्टी फुंकायची. सगळ्यांना जागच्या जागी खाली बसवायचं. पडलेल्याला हलू द्यायचं नाही. अलगद उचलून बाहेर न्यायचं."

"आता ध्यानात आलं," भरमू म्हणाला.

त्याच आठवड्यात मरगाईची जत्रा. अण्णांची आई, आक्का, वय वर्षं बाहत्तर. नातीचं लग्न ठरलं म्हणून तिनं नवस फेडायला काढलेला. घरापासून देवळापर्यंत दंडवत घालत जायचं. ओल्या लुगड्यानं जमिनीवर पालथं पडायचं, हात पोचेल तिथं काठीनं रेघ मारायची, उठायचं, रेघेपासून पुन्हा. पुढं हलगी, मागं सगळा गाव. आक्का निम्म्याच्या पुढं आली होती आणि चावडीपुढं पालथी पडली होती, तेवढ्यात शिट्टी वाजली.

हलगी थांबली. "सगळे खाली बसा," भरमू म्हणाला. गाव खाली बसलं. मीही बसलो, खोटं कशाला सांगू. शिट्टीपुढं माणूस दबतो.

आक्का उठायला लागली. भरमूनं तिचे खांदे धरले. "आक्का, हलायचं नाही. कुठला पाय?"

"मेल्या, माझा नवस हाय."

"बोलू नका, आक्का. श्वास घ्या."

मॅडमनी शिकवलेलं त्यानं पोरांनाही शिकवलं होतं. चार पोरं फळी घेऊन आली. आक्काला अलगद फळीवर घेतलं, अलगद उचललं आणि अलगद तिच्या दारात नेऊन ठेवलं. म्हणजे जिथनं निघाली होती तिथंच. दुसऱ्या दिवशी म्हातारीनं थंडीत पहिल्यापासून पुन्हा दंडवत घातले. वाटेत प्रत्येक रेघेला ती भरमूचं नाव घेत होती, देवीचं नाही.

रविवारी मॅडमनी डोळे मिटून ऐकलं. "अहो भरमूदादा, उचलायच्या आधी विचारायचं. तुमच्या मनात काय आहे? समोरचा बोलायला लागला, की मध्ये तोंड घालायचं नाही. मान हलवत शेवटपर्यंत ऐकायचं. या पोरांचं कुणी ऐकतच नाही, तिथंच ती बिघडतात."

"आता मात्र पक्कं ध्यानात आलं," भरमू म्हणाला.

मंगळवारी दुपारी भरमूची बायको गिरजा ओढ्यावर धुणं धुवायला गेलेली. भरमू घरी आला, तर गोठ्यात एक अनोळखी माणूस गिरजाची शेळी सोडत होता. भरमू त्याच्यासमोर मांडी घालून बसला.

"तुमच्या मनात काय आहे?"

माणूस दचकला. पळावं का काय, त्याला कळेना. पण समोरचा नुसती मान हलवतोय म्हटल्यावर तोही टेकला आणि बोलायला लागला. भावानं फसवलं. चहाची टपरी बुडाली. बायको माहेरी गेली ती आलीच नाही. अर्धा तास बोलला. भरमूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातनं शब्द नाही. शेवटी तो माणूस म्हणाला, "तर मनात असं आहे, की ही शेळी न्यावी."

भरमूनं मान हलवली. माणूस शेळी घेऊन गेला. दहा पावलांवरनं परत आला, कारण करडाशिवाय शेळी चालेना. भरमूनं पुन्हा मान हलवली.

गिरजा धुणं घेऊन आली. "अहो, शेळी कुठाय?"

"गेली."

"गेली? आणि तुम्ही काय करत होता?"

"ऐकत होतो. फार मोकळा होऊन गेला बिचारा."

गिरजा चार दिवस बोलली नाही. भरमू चारही दिवस तिच्यासमोर मांडी घालून मान हलवत बसला.

रविवारी मॅडमचा चहा हातातच निवला. "अहो भरमूदादा, ऐकायचं, पण नियम मोडणाऱ्याला मोकळं सोडायचं नाही. दुसऱ्याच्या अंगाला हात लावला, की पिवळं कार्ड. परत लावला, की लाल कार्ड आणि तो मैदानाबाहेर. मग तो कुणीही असो. आणि पंचाचा निर्णय म्हणजे निर्णय."

"हे लई सोपं आहे," भरमू म्हणाला. त्यानं दोन्ही कार्डं सदऱ्याच्या खिशात ठेवली.

गुरुवारी अण्णांच्या लेकीचं लग्न. राग गिळून अण्णांनी भरमूला पाण्याच्या कामाला बोलावलं होतं, कारण टाकी दुसऱ्या कुणाला समजत नाही. भरमूनं भट्टीवरची पोरं मदतीला आणली. पंगतीत पोरांनी पाणी वाढलं ते बघण्यासारखं. रांगेत चालत होती, कुणी कुणाला ढकलत नव्हतं. लोक चांगलं म्हणत होते. मी म्हटलं, चला, आजचा दिवस तरी निघाला.

मग होमाची वेळ आली. नवरीच्या भावानं लाह्या द्यायच्या आणि नवऱ्याचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून. आमच्यात सगळीकडं आहे ही रीत. अण्णांचा पोरगा धैर्यशील पुढं झाला आणि त्यानं मेहुण्याचा कान पिळला.

शिट्टी वाजली. भरमूनं पिवळं कार्ड दाखवलं. "अंगाला हात."

मांडवात हशा पिकला. लोकांना वाटलं, गंमत चाललीय. तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "नीट आला नाही. परत पिळा." धैर्यशीलनं परत पिळला.

लाल कार्ड. "बाहेर," भरमू म्हणाला आणि हाताला धरून त्याला मांडवाबाहेर नेऊनसुद्धा ठेवलं. पोरं गेटवर हातात हात घालून उभी राहिली. पंचाशी हुज्जत घालायची नाही आणि बाहेर गेलेल्याला आत सोडायचं नाही, एवढं ती शिकली होती. धैर्यशील विनवण्या करून, मग शिव्या देऊन दमला. इकडं भटजी धुरात डोळे चोळत बसले, कारण लाह्या द्यायला भाऊच नाही.

अण्णा आले. "भरमू, अरे माझा पोरगा हाय त्यो."

"अण्णा, पंचाशी वाद घालू नका," भरमू म्हणाला. अण्णांनी वाद घातला. अण्णांनाही पिवळं मिळालं.

शेवटी चुलतभावाला पुढं करून लग्न उरकलं.

ग्रामसभेच्या आधीचा रविवार आला. मॅडम म्हणाल्या, "भरमूदादा, पोरांचं मैदान जाईल हो. आता नवीन काही करू नका. कार्डं इथंच ठेवा, शिट्टीपण ठेवा. फक्त एक करा. अण्णा तुमच्यावर चिडलेत. ग्रामसभेत हात वर करायच्या आधी स्वतःला अण्णांच्या जागी ठेवून बघा. त्यांना काय वाटत असेल, ते कळेल तुम्हाला."

"अण्णांच्या जागी," भरमू म्हणाला. "हात वर करायच्या आधी. ध्यानात आलं."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. मॅडमही आल्या होत्या. भट्टीवरची माणसं भिंतीला लागून उभी होती. त्यांच्यातली रेणका उठली. दहा-अकरा वर्षांची पोरगी, दिवाळीनंतर आली तेव्हा मान वर करून बोलायची नाही. म्हणाली, "तिघांचा गुटखा सुटला. आम्ही भांडण झालं तर मारत नाही, बोलतो. मैदान गेलं तर आम्ही कुठं जायचं?" आणि खाली बसली. मला तर तिच्याकडं बघवेना. माझा हात तिथंच ठरला.

पण ट्रॅक्टरवाले काही थोडे नव्हते. ते कुजबुजायला लागले. मग अण्णा उठले.

"त्या भरमूचं नाव माझ्यापुढं काढू नका," अण्णा म्हणाले. "पण पोरांचा काय दोष? माझ्या मांडवात तीनशे पान उठलं, पोरांनी सगळ्यांना पाणी पाजल्याशिवाय घास घेतला नाही. माझा पोरगा गेटवर त्यांना नाही नाही ते बोलला, एकानं उलट शिवी दिली नाही. आपल्या पोरांना जमतंय का हे? माझा हात पोरांच्या बाजूनं." आणि त्यांनी हात वर केला.

मागोमाग बरेच हात वर झाले. ग्रामसेवकानं मोजले. मैदान द्यावं, त्र्याऐंशी. मग दुसऱ्या बाजूचे मोजले. देऊ नये, त्र्याऐंशी. पुन्हा मोजले, पुन्हा तेच. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "भरमू राहिलाय की. टाकी बंद करायला गेला होता, तो बघा आला."

सगळं पटांगण हसलं. पोरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. रेणकाची आई पदरानं डोळे पुसायला लागली. अण्णापण हसले आणि खुर्चीत बसत म्हणाले, "आता मोजायचं काय राहिलं? लिहा ग्रामसेवक, मैदान पोरांचं."

"थांबा," भरमू म्हणाला. तो माणसांतनं वाट काढत पुढं आला. "अण्णा, जरा उठता का?"

अण्णा उठले. भरमू त्यांच्या खुर्चीत बसला. त्यानं अण्णांसारखी तंगडीवर तंगडी टाकली. अण्णांची टोपी मागून घेतली आणि डोक्यावर घातली. डोळे मिटले. सगळ्या ट्रेनिंगात पहिल्यांदाच तो मॅडमनी सांगितलेलं काम, सांगितलेल्या ठिकाणी, सांगितलेल्या माणसासाठी, सांगितलं तसं करत होता. मॅडम कौतुकानं बघत होत्या.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले. सावकाश मान हलवली आणि हात वर केला.

"देऊ नये," भरमू म्हणाला.

ग्रामसेवकाच्या हातातलं पेन तसंच राहिलं. मॅडमनी कपाळावर हात मारला.

"अरे भरमू," खुर्चीशेजारी उभे असलेले अण्णा म्हणाले. "अरे लेका, माझा हात तर पोरांच्या बाजूनं होता."

"होता ना, अण्णा," भरमू मायेनं म्हणाला. "पण तुमच्या जागी बसून नीट विचार केला, तेव्हा कळलं, तुम्ही चुकलात. असल्या येड्याच्या हातात कुणी मैदान देतं होय?"